‘नाही’ लिही म्हणणाऱ्यांना उत्तर

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या पट्ट्यात सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना एक सल्ला अगदी सढळ हाताने दिला जातो. लेखी परीक्षा निघालेली असते, मैदानी चाचणी झालेली असते, निवड यादीत नाव लागलेलं असतं आणि मग चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना हातात येतो. कॉलेजात असताना गांजा ओढताना सापडलेला, कोर्टात दंड भरून सुटलेला मुलगा त्यातल्या एका रकान्यापाशी अडून बसतो. मग कोणी मामा, कोणी क्लासमधला सिनियर, कोणी ओळखीतला वकील त्याला समजावतो की ‘नाही’ लिहून मोकळा हो, एवढ्यातेवढ्याचं कोण बघतंय. हे सांगणारी माणसं वाईट नसतात. पोराच्या चार वर्षांच्या मेहनतीवर एका संध्याकाळच्या मूर्खपणामुळे पाणी पडू नये, ही त्यांची कळकळ खरी असते. पण सल्ला चुकीचा आहे. नीतीच्या दृष्टीने तो चुकीचा आहेच, शिवाय ज्या मुलाला वाचवायचं म्हणून तो दिला जातो, त्या मुलालाच तो खड्ड्यात घालतो. हे मला इथे सविस्तर मांडायचं आहे, आणि या सल्ल्यामागची कारणं पुरेशा गांभीर्याने घेऊनच मांडायचं आहे.

आधी त्या ‘एवढ्यातेवढ्याचा’ अर्थ पाहू. अंमली पदार्थांसंबंधीच्या 1985 च्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, कलम 27 नुसतं सेवन हाच गुन्हा ठरवतं. कोकेन, हेरॉइन, मॉर्फिन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजासारख्या इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबईत या कलमाखाली किती पोरं कोर्टाची पायरी चढतात, याचा अंदाज ‘विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ने 2017 आणि 2018 मधल्या मुंबईतल्या प्रकरणांचा अभ्यास केला त्यातून येतो. दहा हजारांहून अधिक प्रकरणं त्यांनी तपासली. त्यातली जवळजवळ सगळी विक्रीची नव्हती, स्वतःच्या सेवनाची होती, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा गांजाचा होता. अशा प्रकरणांची वाट ठरलेली असते. मैदानाच्या कडेला किंवा बंद गाळ्यामागे पोरं सापडतात, पोलीस ठाण्यात नोंद होते, दुसऱ्या दिवशी अंधेरी, बोरिवली किंवा विक्रोळीच्या दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं जातं. गर्दीत कोणीतरी कानात सांगतं, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि घरी जा. मुलगा मान डोलावतो, पावती घेतो आणि घरच्यांना कळायच्या आत प्रकरण संपलं असं समजतो. त्या पावतीचा अर्थ मात्र त्याला कोणी सांगत नाही. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. कोर्टाच्या दप्तरात तो दोषी ठरलेला असतो.

आता नमुना पाहू. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी भरून घेतल्या जाणाऱ्या साक्षांकन नमुन्यात एकच मोघम प्रश्न नसतो, प्रश्नांची माळ असते. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? कधी स्थानबद्ध केलं होतं का? न्यायालयाने कधी दंड केला आहे का? दोषी ठरवलं आहे का? एखादा खटला प्रलंबित आहे का? प्रत्येक प्रश्न सुटा, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. आणि नमुन्याच्या माथ्यावर इशारा असतो, की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल आणि ती बाब सेवेत असताना केव्हाही उघड झाली तरी सेवा समाप्त होऊ शकेल. त्यातल्या ‘केव्हाही’ या शब्दाला मुदत नाही. पासपोर्ट आधीच मिळालेला असेल तर कित्येकांना वाटतं की पोलीस पडताळणी एकदा पार पडली, आता पाटी कोरी आहे. हा गैरसमज आहे. पासपोर्ट कायद्यात जुन्या शिक्षेची अडचण येते ती मुख्यतः गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांची कैद झाली असेल तेव्हा. दंड भरून सुटलेल्या पोराला त्या चाळणीत अडकायचं कारण नसतं. साक्षांकन नमुना मात्र कैदेबद्दल विचारून थांबत नाही, अटकेबद्दल आणि दंडाबद्दलही विचारतो. एका कागदाने सोडलं म्हणून दुसरा सोडेल, असं मानण्यात अर्थ नाही.

‘कोण बघतंय’ याचं उत्तर तीस वर्षांपूर्वी कदाचित ‘कोणी नाही’ असं देता आलं असतं. घाटकोपरच्या मुलाची नोंद घाटकोपरच्या ठाण्यातल्या रजिस्टरात पडून राहायची आणि तो नोकरीला नागपूरला किंवा दिल्लीला जायचा. आज पोलीस ठाणी सीसीटीएनएस या देशव्यापी जाळ्याने जोडलेली आहेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने कोणालाही खटला शोधता येतो, त्यासाठी पोलीस असायची गरज नाही. 2022 मध्ये अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांत अटक झालेल्यांची ‘निदान’ नावाची स्वतंत्र राष्ट्रीय माहितीपेढी सुरू झाली. मुंबई पोलिसांच्या अंमली पदार्थ विरोधी कक्षाची घाटकोपर आणि कांदिवलीला स्वतंत्र युनिटं आहेत. म्हणजे उपनगरात या गुन्ह्यांकडे पाहणारी यंत्रणाही वेगळी आणि जागी आहे. यातली एखादी नोंद आज सापडणार नाही, असं होऊ शकतं. पण ‘नाही’ लिहिणारा मुलगा पैज लावतो ती आजच्या पडताळणीवर नव्हे. पुढची पस्तीस वर्षं, प्रत्येक बढती, प्रत्येक बदली, प्रत्येक फेरपडताळणी आणि हेवा करणारा प्रत्येक सहकारी, या सगळ्यांवर ती पैज असते. आणि दप्तरं दरवर्षी एकमेकांना अधिकाधिक जोडली जात आहेत.

लपवल्यावर कायदा काय करतो, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पुरेसं स्पष्ट बोलून ठेवलं आहे. 2003 मध्ये केंद्रीय विद्यालयातल्या एका शिक्षकाचं प्रकरण न्यायालयापुढे आलं. त्याने नमुन्यात खटल्याची माहिती दिली नव्हती. तो खटला पुढे सरकारने मागे घेतला, तरी नोकरीवरून काढणं न्यायालयाने योग्य ठरवलं. इंग्रजी नमुना नीट कळला नाही, ही सबबही चालली नाही. 2021 मध्ये राजस्थानच्या वीज पारेषण कंपनीच्या प्रकरणात तर मुद्दा आपल्या विषयाच्या अगदी जवळ होता. किरकोळ मारहाणीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या, पण परिविक्षेवर सोडलेल्या उमेदवाराने ती बाब दडवली होती. पुढे त्याला अपात्रता लागणार नाही असा आदेशही मिळाला होता. न्यायालयाचा आशय असा होता, की गुन्हा क्षुल्लक होता का, हा प्रश्नच इथे नाही. नोकरीच्या उंबरठ्यावरच खोटं बोलणाऱ्यावर मालकाने पुढे विश्वास ठेवायचा कसा, हा प्रश्न आहे. दंड भरून सुटलेल्या प्रत्येक मुलाने हा निकाल समजून घ्यायला हवा. त्याचा मूळ गुन्हा लहान आहे, तो तसाच राहील. लपवल्याने तो आणखी लहान होत नाही. उलट त्याच्या शेजारी एक नवा, मोठा आणि ताजा दोष उभा राहतो, आणि तो विशीतला राहत नाही, सही केलेल्या तारखेचा होतो.

इथे सल्लागार एक नेहमीचा दाखला देतात, की न्यायालयं तरुणांना माफ करतात. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल भरतीत संदीप कुमार या उमेदवाराला न्यायालयाने दिलासा दिला आणि तरुण वयातल्या चुकांकडे उदारपणे पाहायला सांगितलं, हे खरं आहे. पण ते प्रकरण नीट वाचावं. त्या उमेदवाराने सुरुवातीच्या अर्जात माहिती दडवली असली, तरी निवडीनंतरच्या साक्षांकन नमुन्यात ती स्वतःहून दिली होती, आणि त्याआधी तो खटल्यातून सुटलाही होता. म्हणजे लपवण्याच्या बाजूने जो दाखला दिला जातो, त्यात उमेदवाराने पडताळणीच्या नमुन्यात खरंच लिहिलं होतं. पुढे 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या विषयाची सगळी सूत्रं एकत्र मांडली. त्यात असं म्हटलं आहे खरं, की तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब असेल आणि ती सांगितली असती तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर मालक लपवण्याकडे दुर्लक्ष करू शकतो. इथे ‘करू शकतो’ असं आहे, ‘करेलच’ असं नाही. ही दया मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे. ती मागायला कोर्टात जावं लागतं, वर्षं जातात, आणि त्या काळात नोकरी हातात नसते. ज्याच्या हातात आज खरं लिहिण्याचा सरळ मार्ग आहे, त्याला उद्याच्या दयेच्या भरवशावर ठेवणं हे हिताचं म्हणता येत नाही.

आता सर्वांत जड आक्षेप. खरं लिहिलं तरी नोकरी जाऊ शकते. तो टाळून जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही, कारण त्याच 2016 च्या निकालात हेही आहे: उमेदवाराने संपलेल्या खटल्याची माहिती खरी दिली, तरी मालकाला त्याचं पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार राहतो आणि त्याला नेमणूक देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे खरं लिहिणाऱ्याला हमी नाही. हा धोका खरा आहे आणि तो पत्करायला सांगताना हलक्या मनाने सांगू नये. पण दोन धोके शेजारी ठेवून पाहावेत. खरं लिहून नाकारलेल्या मुलाचं नुकसान त्या एका नोकरीपुरतं असतं. निर्णयाची कारणं त्याला मागता येतात, न्यायाधिकरणात किंवा उच्च न्यायालयात जाता येतं, आणि तिथे तो स्वच्छ हातांनी उभा असतो. पुढच्या अर्जात तो तीच गोष्ट तितक्याच सरळपणे सांगू शकतो. लपवून रुजू झालेला आणि दहा वर्षांनी सापडलेला माणूस वेगळ्या जागी असतो. तेव्हा गृहकर्ज असतं, मुलांच्या शाळा असतात, वय भरतीच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘सेवेतून काढलं आहे का’ या प्रश्नाला ‘होय’ लिहावं लागतं. पहिल्याला एक संधी गमवावी लागते, दुसऱ्याला सगळी कमाई. सल्ला देणारा या हिशेबात कुठेच नसतो. त्याला काहीच भरावं लागत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत न्याय्य वाटतो. गांजा ओढणारे सगळे पकडले जात नाहीत. ओढतात टॉवरमधलेही आणि टेकडीवरच्या वस्तीतलेही. पण पोलिसांची गाडी थांबते ती गल्लीच्या तोंडाशी, सोसायटीच्या गच्चीवर नव्हे. मग नमुन्यातला प्रश्न ‘अटक झाली होती का’ असा असेल तर तो गरिबाच्याच अंगावर येतो, आणि प्रामाणिकपणाचा भार फक्त पकडल्या गेलेल्यावर पडतो. ही विषमता आहे आणि ती नाकारू नये. पण तिच्यावर ‘नाही’ लिहिणं हा उपाय होत नाही, कारण खोटं पचतं ते ज्याच्या नावावर नोंदच नाही त्याला. विक्रोळी पार्कसाइटच्या मुलाची नोंद ठाण्यात आहे, कोर्टात आहे, माहितीपेढीत आहे. लपवण्याचा सल्ला नेमका ज्याच्यावर उलटतो, तो हाच मुलगा. गरिबाच्या बाजूने बोलायचं असेल तर सरकारकडून नियम बदलून घ्यावा, मुलाला खोटी सही करायला लावू नये.

प्रामाणिकपणा म्हणजे सगळं ओकून टाकणं असंही मी म्हणत नाही. विचारलं आहे त्याचं पूर्ण आणि खरं उत्तर देणं, एवढीच त्याची मर्यादा आहे. 2016 च्या निकालानेच सांगितलं आहे, की नमुन्यातला प्रश्न नेमका हवा आणि नेमकं जे विचारलं आहे तेच न सांगितल्याबद्दल उमेदवाराला दोषी धरता येईल. नमुना अटकेबद्दल आणि दंडाबद्दल विचारत असेल, तर कधीच पकडलं न गेलेल्याने कॉलेजच्या सहलीतल्या चिलमीची कबुली त्यात घालायची गरज नाही. मात्र वैद्यकीय तपासणीच्या नमुन्यात अंमली पदार्थांच्या सेवनाबद्दल थेट प्रश्न असेल, तर तो प्रश्न त्यालाही लागू होतो. काहीजण राज्यघटनेच्या कलम 20 चा आधार घेतात, की स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही. ते संरक्षण आरोपीसाठी आहे. निकाली निघालेल्या खटल्याची नोंद सांगण्याला ते लागू पडत नाही, आणि त्याच कलमाने एका गुन्ह्याची शिक्षा दोनदा देता येत नाही, हेही लक्षात ठेवावं. अठरा वर्षांखालच्या मुलांची गोष्ट वेगळी. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं, की बाल न्यायव्यवस्थेतून गेलेल्या मुलाला त्या प्रकरणाची अपात्रता चिकटू नये. गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा काय तो अपवाद. ज्याचं प्रकरण त्या वयातलं आहे, त्याने नमुना भरण्याआधी वकिलाला विचारावं. आणि वकिलाला विचारताना ‘लपवू कसं’ असं न विचारता ‘लिहू कसं’ असं विचारावं.

सुरक्षेच्या जागी हा प्रश्न का विचारतात, हेही समजून घ्यायला हवं, कारण ते समजलं की ‘एवढ्यातेवढ्याचं’ या शब्दातली चूक दिसते. अंधेरीजवळ सहारचा विमानतळ आहे. तिथे आत काम करणाऱ्याला प्रवेशपत्र मिळण्याआधी पूर्वचारित्र्याची पडताळणी होते. खाडीच्या बाजूला ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, दक्षिणेला नौदलाची गोदी. अशा ठिकाणी धोका ज्या सिगारेटचा कधीच धूर झाला तिचा नसतो. ती लपवलेली आहे, हे दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचा असतो. ज्याने पूर्वी माल पुरवला, जो त्या रात्री सोबत होता, त्याच्या हातात लपवणाऱ्या माणसाची दोरी राहते. बॅग एका बाजूने आत सोड, एक फोटो पाठव, नाहीतर साहेबांना सांगतो. तस्कर आणि हेर दोघेही याच दोरीने माणसाला ओढतात. 2023 मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. आरोप होता, की समाजमाध्यमांवरून खोट्या ओळखीने जोडलेल्या संबंधांतून संवेदनशील माहिती बाहेर गेली. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. पण गळ टाकणारे माणसाच्या झाकलेल्या कोपऱ्याचा शोध का घेतात, हे अशा आरोपांवरून कळतं. जी गोष्ट मालकाला आधीच लेखी माहीत आहे, तिच्यावरून कोणी धमकावू शकत नाही. नमुन्यात खरं लिहिणारा मुलगा देशाचं रक्षण करतोच, पण त्याआधी स्वतःच्या गळ्यातली दोरी कापून टाकतो.

उमेदवाराकडून एवढं मागायचं तर सरकारनेही आपली बाजू पुरी करायला हवी, आणि इथे आपली व्यवस्था उणी पडते. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांतली मुलं अमेरिकन सरकारच्या सुरक्षा-परवानगीसाठी एसएफ-86 हा अर्ज भरतात. त्यात गेल्या सात वर्षांतल्या अंमली पदार्थांच्या सेवनाबद्दल थेट प्रश्न असतो. पण त्याच जागी लेखी हमीही असते, की खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी स्पष्ट केलं, की पूर्वी केलेलं गांजाचं सेवन एवढ्यावरच निर्णय होऊ नये. खोटं उत्तर मात्र तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. सत्याला जागा आणि खोट्याला शिक्षा, अशी ती रचना आहे. आपल्याकडेही याचं बीज आहे. एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ व्यसनातून बाहेर पडायला स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं. 31 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत वैमानिकांची आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अंमली पदार्थांसाठी यादृच्छिक चाचणी होते. पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्याला थेट घरी न बसवता कामावरून दूर करून व्यसनमुक्तीसाठी पाठवलं जातं, आणि तो पुन्हा सापडला तर परवान्यावर गदा येते. आकाशात शेकडो जीव हातात असलेल्या माणसाला पहिली संधी मिळू शकते, तर कॉलेजात दंड भरलेल्या शिपाईपदाच्या उमेदवाराला का मिळू नये? म्हणून मागणी अशी आहे: साक्षांकन नमुना सोप्या मराठीत असावा, आणि गुन्हा कबूल करून भरलेला दंड त्यात लिहावा लागतो, हे त्यावर स्पष्ट छापावं. सेवनाच्या जुन्या, एकट्या गुन्ह्याकडे किती वर्षांनंतर आणि कोणत्या कसोट्यांवर दुर्लक्ष करायचं, याचं लेखी धोरण असावं. आणि खरं लिहूनही नाकारलं, तर कारण लेखी द्यावं. हे नसेल, तर सरकार एका हाताने सत्य मागतं आणि दुसऱ्या हाताने ते सांगणाऱ्याला मारतं, असंच म्हणावं लागेल.

पण सरकार बदलेपर्यंत मुलाने थांबावं, असं नाही. त्याच्या हातात आज जे आहे, ते पुरेसं आहे. कोर्टातून आदेशाची प्रमाणित प्रत काढावी, गुन्ह्याचा क्रमांक, कलम, तारीख आणि दंडाची रक्कम अचूक लिहावी, सोबत दोन वाक्यांत वय आणि परिस्थिती सांगावी, त्यानंतर असं काही घडलं नसेल तर तेही नोंदवावं, आणि त्या कागदांची प्रत स्वतःकडे ठेवावी. रडगाणं नको, सारवासारव नको. आणि जे मामा, सिनियर, वकील ‘नाही’ लिहायला सांगतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की त्या मुलावर खरंच माया असेल तर त्याच्यासोबत कोर्टात चला, प्रत काढायला मदत करा, चांगल्या शब्दांत उत्तर लिहून द्या, आणि नाकारलं गेलं तर दाद मागायला पैसे उभे करा. कष्टाचा असला तरी मदतीचा मार्ग हाच आहे.